बंदरांची चढाओढ आणि स्त्रीच्या श्रमाचा कायदा

आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटलें असेल. बंदरांची चढाओढ हा व्यापाराच्या इतिहासांतला विषय, आणि कामावरच्या स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचा हक्क देणारा कायदा हा समाजसुधारणेच्या इतिहासांतला. शाळेच्या पुस्तकांत हे दोन विषय निरनिराळ्या प्रकरणांत येतात. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याचा विचार करूं लागलें म्हणजे हे दोन्ही विषय एकाच दोराचे दोन पेड आहेत असें ध्यानांत येतें. तो दोर उलगडून दाखविणें हाच आजच्या बोलण्याचा हेतु.

चाकण म्हटलें म्हणजे आपणांस प्रथम संग्रामदुर्ग आठवतो. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा यानें हा लहानसा भुईकोट सुमारें दोन महिने लढविला. त्याच चाकणच्या आसमंतांत आज मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. येथून समुद्र दिसत नाहीं. परंतु या मालाला समुद्रावांचून गति नाहीं. परदेशीं जावयाच्या मोटारी घाट उतरून मुंबईच्या गोदींत जहाजावर चढतात, आणि सुट्या भागांचे कंटेनर न्हावा-शेव्याची वाट धरतात. यामुळें या पट्ट्यापुढें नेहमीं दोन प्रश्न उभे असतात. माल कोणत्या बंदरांतून स्वस्त व लवकर जाईल, हा पहिला. कारखान्याच्या दारांतून आंत कोणाला घ्यावयाचें व त्याच्या हातावर किती ठेवावयाचें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नांतली भीति दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत कशी शिरते, आणि तिचें निवारण कशानें होतें, हें आपण इतिहासाच्या आधारें पाहूं.

प्रथम बंदरांकडे वळूं. शेजारच्या बंदरांची चढाओढ ही आपल्या किनाऱ्याला नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेलें ‘पेरिप्लस’ नांवाचें एक ग्रीक पुस्तक आहे. त्यांत कल्याण बंदराविषयीं असें सांगितलें आहे कीं, पूर्वीं तें भरभराटीची पेठ होतें. परंतु पुढें राज्यकर्ता बदलला, बंदराची कोंडी झाली, आणि तेथें चुकून येणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जाऊं लागलीं. नाणेघाटानें उतरणाऱ्या देशावरच्या मालाचें हें स्वाभाविक दार अशा रीतीनें शेजारच्या बंदरासाठीं बंद करण्यांत आलें. ही झाली सक्तीची चढाओढ.

सोळाशें वर्षांनंतर सुरत आणि मुंबई यांची चढाओढ लागली. ती निराळ्या तऱ्हेची होती. १६६८ सालीं इंग्रजांच्या राजानें मुंबईचें बेट वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. त्या वेळीं सुरत हें पश्चिम किनाऱ्यावरचें नामांकित बंदर होतें. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजिअर यानें निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना अभय देऊन त्यांस मुंबईकडे ओढलें. तापीचें मुख गाळानें भरत चाललें होतें, आणि १६८७ सालीं कंपनीनें आपलें मुख्य ठाणें सुरतेहून मुंबईस हलविलें. येथें सक्ति नव्हती, सवलत होती.

तिसरें उदाहरण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळचें आहे. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, १८७३ सालीं मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ सालीं ससून डॉक व १८८० सालीं प्रिन्सेस डॉक बांधून पुरा झाला. मुंबई हिंदुस्थानचें पश्चिमद्वार बनली. तरी शेजारी स्वस्थ नव्हते. काठेवाडांतील संस्थानिकांनीं आपलीं बंदरें सुधारलीं, आणि मुंबईस यावयाचा माल नवानगर व भावनगर या संस्थानांतल्या बंदरांकडे वळूं लागला. विरमगांवची जी जकातीची नाकेबंदी १९१७ सालीं उठविण्यांत आली होती, तीच सरकारनें १९२७ सालीं पुन्हां बसविली. ही झाली कुंपणाची चढाओढ.

आपल्या काळांतही हा खेळ थांबलेला नाहीं. मुंबई बंदरासमोर खाडीपलीकडे १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें, आणि कंटेनरांचा व्यापार हळूहळू त्यानें आपल्याकडे घेतला. पुढें गुजरातेंत पिपावाव व मुंद्रा हीं बंदरें पुढें आलीं. १९९८ सालीं सुरू झालेल्या मुंद्र्यानें पाव शतकाच्या आंत न्हावा-शेव्याला गांठलें. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं आपल्याच पालघर जिल्ह्यांत डहाणूनजीक वाढवण येथें आणखी एका मोठ्या बंदराची पायाभरणी झाली.

या सर्व कथांचें तात्पर्य एकच आहे. माल पाण्यासारखा असतो. तो उतार पाहून वाहतो. शेजारच्या बंदरांत चार पैसे कमी पडतात किंवा दोन दिवस वांचतात असें दिसलें कीं व्यापारी तिकडे वळतो. त्यामुळें बंदरावर आणि बंदराच्या पाठीशीं असलेल्या प्रत्येक कारखान्यावर एकाच भीतीचें राज्य चालतें: ओझें मी घेतलें आणि शेजाऱ्यानें घेतलें नाहीं, तर माझें काय होईल? ही भीति सर्वस्वीं खोटी नसते. म्हणूनच ती घातक ठरते. कारण अर्ध्या खऱ्या भीतीच्या आड अन्याय सुखानें बसूं शकतो.

आतां दोराच्या दुसऱ्या पेडाकडे येऊं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी उभारण्याचा उपक्रम केला. पुढें गिरण्या वाढल्या. त्यांत देशावरून आणि कोंकणांतून आलेल्या पुरुषांबरोबर स्त्रियाही राबूं लागल्या. १८८१ सालचा पहिला कारखान्यांचा कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. प्रौढ स्त्रियांच्या कामाचे तास त्यानें बांधले नाहींत. १८९१ सालच्या कायद्यानें स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांचा ठरविला, त्यांना दीड तास विसावा दिला, आणि कांहीं अपवाद सोडून रात्रीं आठपासून पहाटे पांचपर्यंत त्यांना कामावर ठेवण्यास मनाई केली.

हा कायदा कोणी आणला? एका बाजूस नारायण मेघाजी लोखंडे यांची चळवळ होती. १८८४ सालीं त्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति आणि वेळेवर पगार या मागण्यांचा अर्ज सरकारकडे दिला. १८९० च्या एप्रिलांत मुंबईंत जी प्रचंड सभा झाली तिच्यांत दोन कामगार स्त्रियांनींही भाषणें केलीं. ज्या काळीं घरंदाज बायका सभेला जात नसत त्या काळची ही गोष्ट आहे. परंतु दुसऱ्या बाजूस लँकेशायरचे गिरणीवालेही हिंदुस्थानांत कामाचे तास बांधा म्हणून विलायत सरकारच्या मागें लागले होते. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीच्या जोरावर आपल्या बाजारपेठा घेतील ही त्यांना धास्ती. म्हणजे कामकरी स्त्रीच्या विसाव्याच्या कायद्याच्या जन्मकाळीं दोन दाया हजर होत्या. एक करुणा, आणि दुसरी स्पर्धा.

मग मुंबईच्या मालकांनीं हीच तक्रार उलट बाजूनें केली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली व स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी करणारा करार तेथें झाला. हिंदुस्थाननें तो १९२१ सालीं मान्य केला. जपाननें केला नाहीं. जपानी गिरण्यांत मुली रात्रभर काम करीत, आणि त्या सुताचें कापड मुंबईच्या बाजारांत येऊन पडे. १९२७ सालीं टॅरिफ बोर्डानें कापडधंद्याची जी चौकशी केली तींत स्त्रियांच्या रात्रपाळीमुळें जपानला गैरवाजवी फायदा मिळतो ही गोष्ट मान्य करण्यांत आली. पुढें १९२९ सालीं जपानांतही ती रात्रपाळी बंद झाली. मुंबईच्या मालकाची तक्रार येथें खरी होती. परंतु तिचा इलाज मुंबईच्या स्त्रीला पुन्हां रात्रीं राबविणें हा नव्हता. शेजाऱ्यानेंही तोच नियम पाळणें हा होता. ही गोष्ट लक्षांत ठेवावी; पुढच्या सर्व इतिहासाची किल्ली तींत आहे.

आतां बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न घ्या. १९२८ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या वेळीं पगारी विश्रांति देणारें बिल आलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या कौन्सिलाचे सभासद होते. त्यांनीं बिलाला पाठिंबा देतांना एक मोलाचा भेद केला. मातेला विश्रांति मिळणें हें साऱ्या राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारनें उचलला पाहिजे, असें त्यांनीं मान्य केलें. तथापि तेवढ्यानें मालक सुटत नाहीं. कारण स्त्रीला कामावर ठेवण्यांत त्याचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो, असेंही त्यांनीं बजावलें. १९२९ सालीं कायदा झाला. परंतु तो झाला मुंबई इलाख्यापुरता, आणि खर्च पडला एकट्या मालकावर. मध्यप्रांतानें १९३० सालीं तसा कायदा केला, इतर प्रांत मागाहून एकेक करून आले, आणि सर्व देशाला एकच कायदा मिळाला तो १९६१ सालीं. मधलीं बत्तीस वर्षें प्रांताप्रांताची तऱ्हा निराळी होती.

या बत्तीस वर्षांत गिरणींतल्या स्त्रीचें काय झालें? १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यानंतर तो उतरत गेला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत अगदीं नाममात्र उरला. याचीं कारणें अनेक आहेत. वाइंडिंग व रीलिंग हीं स्त्रियांचीं खातीं; तेथें नवीं यंत्रें आलीं. मालकांनीं दुसरी व तिसरी पाळी सुरू केली, आणि रात्रीच्या पाळींत स्त्री चालत नव्हती. बाळंतपणाचा खर्च टाळावयाचा तर बाईच न नेमणें हा सोपा मार्ग होता. कायदा वाईट होता असें मी म्हणत नाहीं. त्या कायद्यानें हजारों माता व अर्भकें वांचविलीं असतील. परंतु जो कायदा एकाच गांवीं लागू होतो आणि ज्याचें सारें ओझें एकाच्याच खांद्यावर पडतें, तो कायदा संरक्षणाची भिंत बांधतां बांधतां दारच बुजवून टाकतो.

श्रोतेहो, येथें आपण घाट चढून वर येऊं. गिरण्यांचें मुंबईंतलें वैभव ओसरण्यापूर्वींच पुण्याच्या वायव्येस नवें कारखान्यांचें नगर उभें राहत होतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्या दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथें मोठमोठे कारखाने आले. यंत्राच्या या नगरींत गिरणगांवचा सारा अनुभव घेऊन नवा आरंभ करावयास मोकळी जागा होती. राज्यघटनाही १९५० सालींच लागू झालेली होती. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाबद्दल सारखें वेतन हें धोरण तिच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदांत लिहिलेलें होतें.

तरीही १९७४ सालीं काय घडलें तें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. पुण्याच्या टेल्को कंपनीनें तरुण इंजिनिअरांसाठीं जाहिरात दिली, आणि तींत स्त्रियांनीं अर्ज करूं नये असें स्पष्ट म्हटलें होतें. बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढें सुधा मूर्ती या नांवानें प्रसिद्ध झालेल्या लेखिका, यांनीं ती वाचून थेट जे. आर. डी. टाटांच्या नांवें एक पोस्टकार्ड टाकलें. टाटांसारख्या घराण्याच्या कारखान्यांत असा भेदभाव कसा, हा त्यांचा सवाल होता. त्यांना मुलाखतीस बोलावणें आलें, आणि त्या टेल्कोच्या पहिल्या स्त्री-इंजिनिअर ठरल्या.

ही कथा शाळाशाळांतून धैर्याचें उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु तिची कायद्याची बाजू क्वचितच कोणी सांगतो. ती जाहिरात त्या दिवशीं बेकायदेशीर नव्हती! घटनेनें सरकारी नोकरींत लिंगभेदाला मनाई केली होती. खाजगी कारखान्याला नव्हे. अर्थात् त्या मुलीच्या हातांत त्या वेळीं पोस्टकार्डाशिवाय दुसरें हत्यार नव्हतें, आणि पोस्टकार्डाला यश आलें तें वाचणारा माणूस थोर होता म्हणून. ज्या मुलीचें कार्ड दुसऱ्या कोणाच्या टेबलावर पडलें असतें, तिनें काय करावयाचें? हक्क जर मालकाच्या थोरपणावर अवलंबून असेल, तर तो हक्क नव्हे, ती कृपा होय.

कृपेचें हक्कांत रूपांतर एका वर्षानें झालें. १९७५ हें आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतें. त्या वर्षाच्या २६ सप्टेंबरला समान वेतनाचा वटहुकूम निघाला, व १९७६ सालीं त्याचा कायदा झाला. सारख्या किंवा एकाच स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखें वेतन द्यावें, आणि नोकरभरतींत स्त्री म्हणून कोणाला डावलूं नये, असें त्यानें सांगितलें. १९८७ सालच्या दुरुस्तीनें बढती, बदली व प्रशिक्षण हींही त्यांत आलीं. आणखी एक शहाणपण त्यांत होतें: बरोबरी साधण्यासाठीं कोणाचेंही वेतन खालीं आणतां येणार नाहीं, असें त्यांत स्पष्ट होतें.

या कायद्याची पहिली मोठी कसोटी लागली ती बंदराच्या दारींच, हा योगायोग पाहण्यासारखा आहे. अलेक्झांड्रा डॉक खोदतांना निघालेल्या मातीनें समुद्र हटवून मुंबई पोर्ट ट्रस्टनें बॅलार्ड इस्टेट हा भाग वसविला. जहाजांच्या पेढ्यांचें तें माहेरघर. मॅकिनन मॅकेंझी ही तेथली जुनी जहाजी पेढी. तिच्या कचेरींत वरिष्ठांच्या हाताखालीं काम करणाऱ्या लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षां कमी वेतन मिळे. ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिकेची नोकरी १९७७ सालीं संपली, तेव्हां त्यांनीं वेतनांतल्या फरकाची मागणी केली. मजूर खात्याचे अधिकारी, मुंबईचें उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत तो खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १९८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति वेंकटरामय्या यांनीं निकाल दिला.

पेढीचें म्हणणें असें कीं, कामगार संघाशीं झालेल्या करारानुसारच हीं वेतनें ठरलीं आहेत. शिवाय त्या जागीं पुरुष कोणी नाहींच, मग तुलना कोणाशीं करावयाची? न्यायालयानें उत्तर दिलें कीं, काम सारखें आहे कीं नाहीं हें ठरवितांना बारीकसारीक फरकांचा कीस काढूं नये. आणि एखाद्या जागेवर मुद्दाम केवळ स्त्रियाच नेमल्या, एवढ्यानें त्यांचें काम निराळें होत नाहीं. परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें मोलाचा भाग पुढेंच आहे. सर्वांना सारखें देण्याची मालकाची ऐपत आहे कीं नाहीं, यावर हा कायदा अवलंबून नाहीं, असें न्यायालयानें ठणकावून सांगितलें. व्यापार मंदावला आहे, शेजारी पुढें जात आहे, म्हणून स्त्रीला कमी देतों, ही सबब शंभर वर्षें चालत आली होती. ती बॅलार्ड इस्टेटच्या एका लघुलेखिकेच्या खटल्यांत कायमची निकालांत निघाली.

आतां उरला रात्रपाळीचा प्रश्न. १९४८ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांना सकाळीं सहा ते सायंकाळीं सात या वेळेबाहेर काम देण्यास बंदी केली होती. राज्य सरकार थोडी सवलत देऊं शकत असे, पण रात्रीं दहा ते पहाटे पांच हा काळ सर्वस्वीं वर्ज्य होता. आणि गंमत अशी कीं, समान वेतनाच्या कायद्यानेंही भरतींत एक अपवाद ठेवला होता: जेथें दुसऱ्या कायद्यानें स्त्रियांना मनाई असेल तेथें डावलण्यास हरकत नाहीं. मोटारीच्या कारखान्यांत पाळ्या फिरत्या असतात. जिला तिसरी पाळी करतां येत नाहीं तिला पहिलीही मिळत नाहीं. जो नियम १८९१ सालीं दमलेल्या मजुरणीला विसावा म्हणून आला, तोच शंभर वर्षांनीं शिकलेल्या मुलीच्या वाटेंतला अडसर झाला. डिसेंबर २००० मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें ही बंदी घटनेविरुद्ध ठरविली. महाराष्ट्रानें २०१५ सालीं आपल्यापुरती दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मोकळीक दिली.

राज्याराज्यांत हें जें चाललें होतें त्यांत बंदरांची चढाओढ पुन्हां डोकावते. चाकणचे प्रतिस्पर्धी आज दोन आहेत. एक साणंद, ज्याच्या पाठीशीं पिपावाव व मुंद्रा हीं बंदरें आहेत. दुसरें श्रीपेरुंबुदूर, ज्याला चेन्नईचें बंदर जवळ आहे. मोटारींचा कारखाना कोठें काढावा हें ठरवितांना कंपन्या रस्ता, वीज व बंदर यांबरोबर मजुरांचे नियमही तोलून पाहतात. अशा वेळीं प्रत्येक राज्यानें शेजाऱ्यापेक्षां नियम ढिले करीत जावें, हा मोह मोठा असतो. म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या मजुरांविषयींच्या चार संहितांकडे या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. समान वेतनाचा कायदा वेतन संहितेंत सामावला. स्त्रीच्या संमतीनें व सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली करणारें कलम कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेंत आलें. त्यांतल्या कित्येक कलमांबद्दल कामगार संघांचे तीव्र आक्षेप आहेत, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. परंतु समतेचा नियम सर्व राज्यांस एकच असावा, हें तत्त्व मात्र १९२७ सालच्या धड्याशीं जुळणारें आहे.

चाकणचें चित्र तोंवर पालटूं लागलें होतें. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्यांत डॉमिनार या भारी मोटारसायकलीची जोडणी स्त्रियांच्या तुकडीकडे सोंपविण्यांत आली. ज्या टेल्कोनें १९७४ सालीं ती जाहिरात दिली, तिचें नांव पुढें टाटा मोटर्स झालें. तिच्या पुण्याच्या कारखान्यांतही अलीकडे केवळ स्त्रियांनीं चालविलेली मोटारजोडणीची एक रांग उभी राहिली. त्या मोटारींचा दर्जा कमी पडला अशी तक्रार कोठें ऐकूं येत नाहीं. आणि स्त्रियांना घेतलें म्हणून या पट्ट्याचा व्यापार शेजारच्या बंदरावर गेला, असेंही घडलेलें नाहीं.

मग सर्व कांहीं ठीक झालें काय? एक मोठी गोष्ट राहिली आहे, आणि ती नेमकी डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं दाखविलेलीच आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीनें बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा अधिक माणसें असलेल्या ठिकाणीं पाळणाघर सक्तीचें झालें. हें उत्तम झालें. परंतु त्या पगाराचा खर्च कोण देतो? येथें दोन तऱ्हा आहेत. ज्या कामगाराचें मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे, तो राज्य विमा योजनेखालीं येतो. तींत मालक प्रत्येक कामगारामागें, मग तो पुरुष असो वा स्त्री, वेतनाच्या सव्वातीन टक्के वर्गणी भरतो, आणि प्रसूतीच्या रजेचा पैसा त्या सामायिक निधींतून मिळतो. म्हणजे बाई नेमली म्हणून मालकाचा खर्च वाढत नाहीं, आणि न नेमली म्हणून वांचत नाहीं. परंतु त्याहून अधिक वेतनाच्या स्त्रीचा, म्हणजे इंजिनिअर, हिशेबनीस, रसायनशास्त्रज्ञ यांचा सव्वीस आठवड्यांचा सारा पगार एकट्या मालकाला द्यावा लागतो. तेथें जुनी भीति पुन्हां जागी होते. मुलाखतींत ‘लग्न केव्हां करणार?’ हा प्रश्न विचारला जातो तो याच हिशेबापोटीं.

तेव्हां या इतिहासानें आपल्या हातीं दोन कसोट्या दिल्या आहेत. स्त्रीच्या हिताचा कोणताही नवा नियम पुढें आला कीं आपण दोन प्रश्न विचारावे. हा नियम शेजारच्या सर्व बंदरांना आणि सर्व राज्यांना सारखा लागू आहे काय? आणि त्याचा खर्च सर्वांत वांटला गेला आहे काय, कीं ज्यानें स्त्रीला काम दिलें त्याच्याच माथीं मारला आहे? ज्या नियमाला दोन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आहे तो नियम टिकतो. ज्याला नाहीं, तो कितीही चांगल्या हेतूनें केलेला असो, त्याची किंमत शेवटीं दाराबाहेर उभी असलेली स्त्रीच चुकविते. मुंबईच्या वाइंडिंग खात्यांतल्या बायकांनीं ती चुकविली आहे.

आपल्या घरांतल्या मुली आज अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहेत. उद्यां त्या चाकणच्या किंवा भोसरीच्या एखाद्या दाराशीं उभ्या राहतील. त्यांच्या अंगीं पोस्टकार्ड लिहिण्याचें धैर्य असावें, ही इच्छा आपण अवश्य करावी. परंतु त्याहून मोठी खटपट करावयाची ती अशासाठीं, कीं तें पोस्टकार्ड लिहिण्याची पाळीच त्यांच्यावर येऊं नये. बंदरांनीं खुशाल चढाओढ करावी. खोल पाण्यानें करावी, चांगल्या धक्क्यांनीं करावी, जलद उतारणीनें करावी. फक्त स्त्रीच्या मजुरींतून कापलेल्या पैशानें ती करूं नये, एवढेंच सांगून आजचें भाषण येथें पुरें करतों.